भूलतज्ज्ञ तालुक्यात घडवायला पैसे द्या

मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



हे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिहायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. दुसरं कुणी म्हणेल, वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना. ही दोन खाती वेगळी आहेत आणि माझा प्रश्न नेमका त्यांच्या मधल्या फटीत पडलेला आहे. तालुक्याची रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची आणि तज्ज्ञ घडवणारी महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. तालुक्याच्या रुग्णालयासाठी तज्ज्ञ घडवण्याचा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा, याचं उत्तर मला माझ्या नोकरीच्या काळात एकाही टेबलावर मिळालं नाही. म्हणून दोन्ही खात्यांना पैसे देणाऱ्या आपल्याला लिहितो आहे.

मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी. नोकरीतली बहुतेक वर्षं पूर्व विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली.

मागणी आधी सांगतो. येत्या अर्थसंकल्पात दुर्गम तालुक्यांसाठी तज्ज्ञ डॉक्टर घडवण्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा. त्यातून जिल्हा रुग्णालयांमध्ये पदव्युत्तर प्रशिक्षण चालवा. शिकणाऱ्याला पगार द्या, शिकवणाऱ्याला मोबदला द्या, आणि प्रशिक्षणाला रुजू होतानाच त्या डॉक्टरच्या हातात पुढच्या नेमणुकीचा आदेश ठेवा. त्यात तालुका, रुग्णालय आणि पद स्पष्ट लिहिलेलं असावं.

केंद्राच्या मानकांनुसार सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे एक तीस खाटांचं केंद्र हवं. त्यालाच आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो. तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारच्याच २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातल्या अशा केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत ८३ टक्के सर्जन कमी होते. बालरोगतज्ज्ञ ८२ टक्के, फिजिशियन ७९ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ७४ टक्के कमी. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आकृतिबंधात डॉक्टर चार: एक वैद्यकीय अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी. त्यांतला एखादा पदव्युत्तर शिकलेला निघाला तर तालुक्याचं नशीब. म्हणजे पद भरण्याच्या आधी पद निर्माण करण्याचाच प्रश्न आहे, आणि तोही शेवटी आपल्याच टेबलावर येतो.

त्या पाच तज्ज्ञांत सगळ्यात कमी बोललं जातं ते भूलतज्ज्ञाविषयी. लोक त्याला ओळखत नाहीत. ऑपरेशन कुणी केलं हे गावभर माहीत असतं, भूल कुणी दिली हे पेशंटलाही आठवत नाही. पण तो नसेल तर सर्जनचे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचे हात बांधलेले.

एक रात्र सांगतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण त्या ठिकाणी काम करणाऱ्यांचा यात काहीच दोष नव्हता. पावसाळा होता. पहिलटकरीण, कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला, आशाताई तिला जीपमधून घेऊन आली. आमच्याकडे त्या वर्षी बाँडवर आलेली एक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ होती. तिनं तपासलं. पाणी फुटलेलं, त्यात बाळाची शी मिसळलेली, आणि कळ ओसरल्यावरही बाळाचे ठोके खाली राहत होते. सिझेरियन अर्ध्या तासात व्हायला हवं होतं. शस्त्रक्रियागृह तयार होतं. टेबल होतं, छताचा दिवा लागत होता, ऑटोक्लेव्ह केलेले ड्रम होते, भुलीचं यंत्र कोपऱ्यात हिरव्या कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं. स्पायनलच्या सुयासुद्धा कपाटात होत्या. भूल देणारं कुणी नव्हतं. जिल्ह्याच्या गावी एक खासगी भूलतज्ज्ञ होते, त्यांना फोन केला, तर ते दुसऱ्या केसमध्ये. मग १०८ला फोन, रेफरची चिठ्ठी, सलाईन, सोबत एक सिस्टर. गाडी निघताना बाईच्या सासऱ्यानं मला विचारलं, “सारं त आहे ना जी इथं, मंग कायले धाडता?”

जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत पहाट झाली. सिझेरियन झालं. आई आणि मूल दोघंही जगली. म्हणून ही केस कुठल्याही अहवालात आली नाही. माता मृत्यू झाला की चौकशी बसते, अर्भक मृत्यूची नोंद होते. इथे दोन्ही नव्हतं. कागदावर वेळेवर रेफर केलेला रुग्ण, एवढंच. ते मूल नंतर मी लसीकरणाच्या सत्रात पाहिलं. दीड वर्षाचं झालं तरी मान धरत नव्हतं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला की असं होतं. त्या मुलाला कडेवर घेऊन त्याची आई किती वर्षं फिरणार, त्या घराची किती मजुरी बुडणार, हा आकडा कुठल्या लेखाशीर्षात धरायचा ते आपणच सांगा.

आपली यंत्रणा या रात्रीचा विचार करते तेव्हा तिला रस्ता दिसतो, रुग्णवाहिका दिसते, इमारत दिसते. ती कामंही हवीतच. भामरागड घ्या. गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन तालुक्यातली शंभरेक गावं तुटतात. तिथे पूल उंच हवा यात वाद नाही. पण पूर आलेल्या दिवशी अडलेल्या बाळंतिणीला जे काही मिळेल ते नदीच्या अलीकडेच मिळायला हवं. धडगाव-अक्कलकुव्यात, मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात वाटा निराळ्या, अडचण हीच. बांबूच्या झोळीतून आणलेल्या बाईचे फोटो दर पावसाळ्यात छापून येतात. झोळी जिथे पोचते त्या दारात पुढे काय होतं, ते फोटोत दिसत नाही.

अशा वेळी आम्हाला बंग दांपत्याचं, हेमलकशाच्या आमट्यांचं, बैरागडच्या कोल्हे दांपत्याचं उदाहरण दिलं जातं. या सगळ्यांविषयी माझ्या मनात अतोनात आदर आहे. बंगांच्या शोधग्राममध्ये मोठ्या शहरांतले सर्जन येऊन शिबिरांत शस्त्रक्रिया करतात, हेमलकशात १९७३पासून लोकांवर उपचार होत आहेत. पण राज्यातल्या साडेतीनशेच्या आसपास ग्रामीण रुग्णालयांत कुणी तरी आयुष्य वाहून घेईल, असं गृहीत धरून सरकारनं बसू नये. सरकारनं साध्या, प्रामाणिक, संसारी डॉक्टरचा विचार करावा. त्याला पगार हवा, मुलांना शाळा हवी, न गळणारं क्वार्टर हवं आणि महिन्यातून काही रात्री झोप हवी.

आपण म्हणाल, बाँड आहे की. आहे. सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर झालेल्यानं एक वर्ष सेवा द्यायची, नाही तर ५० लाख भरायचे. एमबीबीएसला हीच रक्कम १० लाख. मी बाँडवरच्या मुलामुलींबरोबर काम केलं आहे आणि त्यांना नावं ठेवणार नाही. वरच्या प्रसंगातली ती मुलगी पाठ मोडेस्तोवर राबली. पण एका वर्षाच्या बाँडमध्ये पहिले तीन महिने गाव कळायला जातात आणि शेवटचे तीन पुढच्या परीक्षेच्या अभ्यासात. शिवाय अनेकांचा बाँड वैद्यकीय महाविद्यालयातच वरिष्ठ निवासी म्हणून पुरा होतो, ते शहराबाहेर पडतही नाहीत. आणि एकेकट्याला पाठवून काय होणार? स्त्रीरोगतज्ज्ञ एका तालुक्यात, भूलतज्ज्ञ दुसऱ्याच, बालरोगतज्ज्ञ जिल्ह्याला. तिघं एका छताखाली असले तरच सिझेरियन होतं.

यापेक्षा मोठी अडचण प्रशिक्षणाच्या जागेची आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात तीन वर्षं शिकलेल्या डॉक्टरच्या मागे रक्तपेढी असते, अतिदक्षता विभाग असतो, हाक मारली की येणारे प्राध्यापक असतात. भुलीचं औषध दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर चार जण धावत येतात. तोच डॉक्टर तालुक्यात येतो तेव्हा त्याच्यापाशी एक सिस्टर, दोन सिलिंडर आणि खाली थांबलेले नातेवाईक असतात. तो घाबरतो. घाबरणं स्वाभाविक आहे, कारण या परिस्थितीत काम करायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. रक्त लवकर मिळणार नसेल तर कुठली केस हातात घ्यायची, कुठली नाही. वीज गेली तर काय. मॉनिटर बंद पडला तर बोटानं नाडी धरून रुग्णावर लक्ष कसं ठेवायचं. हे शिक्षण जिथे या गोष्टी रोज घडतात तिथेच मिळतं.

पूर्वी निदान पदविकांचा रस्ता होता. डीजीओ, डीसीएच, डीए ही दोन वर्षांची पदविका घेऊन आमच्या पिढीतले कितीतरी वैद्यकीय अधिकारी परत तालुक्यात आले. २०१८पासून महाविद्यालयांतल्या या जागा पदवीत बदलायला सुरुवात झाली आणि तो रस्ता आटला. पुढे २०२०मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळानं दोन वर्षांच्या नव्या पदविका आणल्या. त्यांत भूलशास्त्र आहे, स्त्रीरोग आहे, बालरोग आहे, कुटुंबवैद्यकही आहे. महाविद्यालय नसलेलं रुग्णालयही त्यासाठी मान्यता मिळवू शकतं. हा दरवाजा उघडा आहे. आपल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांनी त्यातून आत जायचं तर शिकवणारे तज्ज्ञ पूर्णवेळ हवेत, ग्रंथालय हवं, वसतिगृह हवं, तपासणीचं शुल्क भरायला हवं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पैसा आडातच घालावा लागेल.

२०२०मध्येच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा नियम झाला. चांगला नियम. पण तीन महिन्यांचा पाहुणा तो पाहुणाच. जिल्हा रुग्णालय त्याचं घर होत नाही.

सेवेतल्या डॉक्टरांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते चावी तिथे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच-सहा वर्षं काढलेला वैद्यकीय अधिकारी गाव सोडून पळणार नाही हे त्यानं आधीच दाखवून दिलेलं असतं. त्याला माडिया किंवा कोरकू चार वाक्यं तरी येतात. कुठल्या गावाहून कुठल्या महिन्यात काय घेऊन लोक येतात हे त्याला ठाऊक असतं. ३१ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडूच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की पदव्युत्तर पदवी प्रवेशात सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा राखायचा अधिकार राज्यांना आहे. तमिळनाडू कितीतरी वर्षं निम्म्या जागा अशा राखत आलं होतं. त्या राज्यात चोवीस तास सिझेरियन करणारी सरकारी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली, त्यामागे हे मनुष्यबळ आहे. महाराष्ट्रानंही २०२२मध्ये २० टक्के जागा राखल्या. त्याबद्दल सरकारचं मनापासून अभिनंदन.

पण जागा राखून काम संपत नाही, इथूनच पैशांची गरज सुरू होते. वैद्यकीय अधिकारी शिकायला गेला की त्याचं आरोग्य केंद्र तीन वर्षं रिकामं. म्हणूनच जिल्हा आरोग्य अधिकारी त्याचा अर्ज दाबून ठेवतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. त्या तीन वर्षांसाठी राखीव डॉक्टरचं पद मंजूर झालं तर कुणाचाच अर्ज दाबला जाणार नाही. शिकून आल्यावर त्याचं पद ठरलेलं नसेल तर तो परत वैद्यकीय अधिकारी म्हणून ओपीडी काढत बसतो. माझ्या एका सहकाऱ्यानं शासनाचं अठरा आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण घेतलं, आपत्कालीन सिझेरियनला भूल देता यावी म्हणूनच ते आखलेलं होतं. वर्षभरात त्याची बदली झाली ती शस्त्रक्रियागृह नसलेल्या केंद्रात. त्याचा हात बसला होता तो गेला. सरकारचा खर्चही गेला. म्हणून मी नेमणुकीचा आदेश पहिल्याच दिवशी मागतो आहे.

हे कुठे जमलं आहे का, असा प्रश्न आपले सचिव विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवा. १९६९मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं वर्षानुवर्षं असा नियम पाळला की पदव्युत्तर प्रवेश हवा तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात सेवा करून या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मिशन रुग्णालयं विद्यार्थ्याला पुरस्कृत करतात आणि शिकून तो त्याच रुग्णालयांच्या सेवेत जातो. थायलंडनं १९९४मध्ये ग्रामीण प्रांतांतली मुलं निवडून, त्यांचं रुग्णालयातलं शिक्षण प्रांतातल्याच सरकारी रुग्णालयांत देण्याचा प्रकल्प सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१०मध्ये दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी शिफारशी दिल्या, त्यांत गावाकडची मुलं निवडणं, शिक्षण शहराबाहेर नेणं आणि सेवेच्या अटीवर शिष्यवृत्ती देणं, हे तिन्ही आहे.

आपल्याकडे आता संधीही चालून आली आहे. नंदुरबारला २०२०मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. २०२४मध्ये गडचिरोली, अमरावती, भंडारा, वाशीम, बुलढाणा, हिंगोली, जालना अशा जिल्ह्यांतल्या नव्या महाविद्यालयांना मान्यता मिळाली. या महाविद्यालयांचं सगळं लक्ष आज एमबीबीएसच्या तुकड्यांकडे आहे. त्यांच्या पदव्युत्तर जागा मंजूर होतील तेव्हा त्या जिल्ह्यातल्या तालुक्यांशी आत्ताच बांधून घ्या. गडचिरोलीत भूलशास्त्र शिकणारा डॉक्टर दुसऱ्या वर्षापासून आलटून-पालटून अहेरीला, आरमोरीला, कुरखेड्याला काम करेल आणि त्याचे शिक्षक फोनवर नव्हे, महिन्यातून ठरावीक दिवस तिथे प्रत्यक्ष उभे राहतील, अशी रचना करता येते. त्या शिक्षकांचा प्रवास आणि भत्ता या लेखाशीर्षात धरा.

आता हिशेब. हा माझा ढोबळ अंदाज आहे, आपल्या विभागानं तो कसून तपासावा. एका प्रशिक्षणार्थीमागे विद्यावेतन, शिक्षकाचा वाटा, निवास, परीक्षा आणि त्याच्या जागी नेमलेल्या बदली डॉक्टरचा पगार मिळून वर्षाला २० लाख धरू. दरवर्षी १०० डॉक्टर घेतले आणि प्रशिक्षण तीन वर्षांचं असलं, तर तीन तुकड्या एका वेळी चालू राहतील. म्हणजे वर्षाला ६० कोटी. राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात गेला आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असं म्हटलं होतं. त्या वाटेवर ६० कोटी म्हणजे फार छोटं पाऊल आहे. माझा अंदाज दुपटीनं चुकला तरी १२० कोटी. पाच वर्षांची सेवा बांधून घेतली तर आठव्या वर्षापर्यंत काही शे तज्ज्ञ तालुक्यांत उभे असतील.

ऑनकॉल खासगी तज्ज्ञांना केसमागे पैसे देण्याची सोय आरोग्य अभियानात आहेच, मग हा खर्च कशाला, असं आपल्याला सांगितलं जाईल. जिथे तालुक्याच्या गावी खासगी भूलतज्ज्ञ आहे तिथे ही सोय उपयोगी पडते, मीही ती वापरली आहे. एटापल्लीला, धडगावला बोलवायचं कुणाला? मुलाखतीच्या जाहिरातीत पगार आपण सांगा, आम्ही देऊ, असं म्हणूनही पदं रिकामी राहिली, कारण ज्याला तिथे राहायचं आहे असा माणूस तयारच झालेला नव्हता.

अजून एक गोष्ट, आणि ती मी फायलीत कधीच वाचली नाही. पुष्कळदा नवरा-बायको दोघंही डॉक्टर असतात. एकाला भूलशास्त्र आणि दुसरीला स्त्रीरोग शिकायचं असेल तर दोघांना एकत्र निवडा, एकाच रुग्णालयाच्या पदांवर बांधा. दोन पदं एकदम भरतील आणि ती टिकतील. मी पाहिलेल्या तालुक्यांत दहा-बारा वर्षं टिकलेले तज्ज्ञ बहुतेक असेच होते. जोडीनं आलेले, किंवा त्याच जिल्ह्यात जन्मलेले.

या वर्षी एवढं केलं तरी पुरे: गडचिरोली, नंदुरबार आणि मेळघाट, या तीन भागांतल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत भूल, स्त्रीरोग आणि बालरोग या तीन तज्ज्ञांची किती पदं लागतात आणि किती रिकामी आहेत, ती यादी दोन्ही खात्यांकडून मागवा. प्रत्येक रिकाम्या पदामागे एक प्रशिक्षण जागा मंजूर करा आणि तिचे पैसे मार्चच्या अर्थसंकल्पात ठेवा. अर्ज मागवताना आधी त्याच जिल्ह्यात सेवेत असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. त्यांतले पुष्कळ जण वाट पाहत आहेत; काहींची नावं मी स्वतः आपल्याला देऊ शकेन. बोलावलंत तर कागदपत्रं घेऊन मंत्रालयात येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, पूर्व विदर्भ